लाल दोऱ्याची बरणी

कॉन्स्टान्सियोमामांनी पाणी चाखलं होतं आणि मी त्यांना हसले होते. गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण एवढ्यावर सोडली तर तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, आणि मीही आनंदाने मान हलवीन. दोन वर्षं मी तेच करतेय. म्हणून आता सगळी सांगते.

आमचं कॉलेज मालवणपासून अर्ध्या तासावर, समुद्रात घुसलेल्या एका टेकाडावर. नाव सांगत नाही, अजून तिथलंच मीठ खाते. मी ऋता परुळेकर, वनस्पतिशास्त्र शिकवते. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यापुरत्या तुम्ही आहात, मे महिन्यात तुम्ही नसताच. अशी नऊ वर्षं मी काढली होती. सप्टेंबरात एका कायम जागेची मुलाखत होणार होती आणि माझं वय एकोणचाळीस होतं. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत मी वयाच्या अटीत बसणार नव्हते. घरात आई सोडून कोणाला याची फिकीर नव्हती, आणि आईला नेमकी फिकीर कशाची करायची ते कळत नव्हतं.

मामा आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. कॉलेजात शिपायांना, परिचरांना सगळेच मामा म्हणतात, पण हे खरोखर मामासारखे होते. कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर ठेवून वर दुसरी पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि त्यावर अंगठा. तो अंगठा किती जोराने दाबायचा हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. जरा जास्त झालं की पेशी फुटतात, जरा बाजूला सरकलं की सगळा चिखल. मामांच्या अंगठ्याखाली पेशी एकेक सुट्या पसरायच्या. एकतीस वर्षांत शेकडो पोरं त्यांच्या स्लाइडी बघून पास झाली, आणि जर्नलमध्ये 'स्वतः तयार केली' असं लिहून गेली. मीही त्यातलीच, त्याच कॉलेजची विद्यार्थिनी. म्हणून सगळ्यांसमोर ते मला मॅडम म्हणायचे आणि आम्ही दोघंच असलो की 'गो बाय'.

माझा पीएच.डी.चा विषय होता केंद्रिका. पेशीच्या केंद्रकात एक गडद गोल ठिपका असतो, ती केंद्रिका. पेशीचा कारखानाच म्हणा. पेशी दुभंगायला लागली की हा कारखाना विरघळून जातो, दिसेनासाच होतो. आणि दोन नव्या पेशी तयार झाल्या की दोन्हींत पुन्हा उभा राहतो, आधी बारीक कण, मग ते कण एकत्र येऊन गोळा. गंमत अशी की कुठेही उभा राहत नाही. काही ठरावीक गुणसूत्रांवर त्याची जागा आखलेली असते, तिथेच. कसालच्या बाजारात संध्याकाळी सगळं उठतं, नुसती धूळ राहते, पण पुढच्या बाजाराला भाजीवाली बरोबर आपल्याच दगडापाशी येऊन बसते, तसं.

माझा प्रश्न होता, पहिला कण नेमका कधी दिसतो? पुस्तकं सांगतात, विभागणी संपता संपता, नवी केंद्रकं बांधली जात असताना. मला पुस्तकांच्या अगोदरचं काहीतरी सापडावं अशी आशा होती. आशा म्हणजे काय, हावच होती. नुसतं 'पुस्तकात आहे ते बरोबर आहे' असं लिहून कोणाला कायम जागा मिळत नाही.

हे कण दिसावेत म्हणून सिल्व्हर नायट्रेट वापरतात. चांदीचं द्रावण. ते केंद्रिकेला धरतं आणि ती काळीभोर दिसते. बोटांनाही धरतं. मामांची बोटं बारा महिने काळी असायची, आणि रविवारी चर्चमध्ये मिसाला ते हात मागे बांधून उभे राहतात असं त्यांची बायको फ्रान्सिस्का सांगायची. या चांदीचं एक पथ्य आहे. तिला मीठ चालत नाही. मिठाचा अंश लागला की तिचा साका होतो, उजेडात तो काळा पडतो, आणि काचेवर बारीक काळे कण बसतात. म्हणून स्लाइड धुवायला डिस्टिल्ड वॉटरच लागतं. हे मी दरवर्षी पोरांना सांगते. त्या वर्षीही जुलैमध्ये सांगितलं होतं, वर्गात, फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून.

त्याच जुलैत आमच्या डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉइल जळली. दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात गेला आणि तिथेच मुरला. कुडाळहून आणलेले कॅन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपले.

आता मामांची एक पद्धत सांगायला हवी. श्रावणात, पत्रे धुऊन स्वच्छ झाले की ते प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीच्या पागोळ्यांखाली काचेच्या मोठ्या बरण्या लावायचे. ते पाणी नाताळापर्यंत काचसामान धुवायला पुरायचं. प्रत्येक बरणी भरली की त्यातला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावायचे. आमचं कॉलेज टेकाडावर, वारा समुद्राकडून जोराचा आला की लाटांचा फवारा उडून थेट पत्र्यावर येतो. अशा दिवसाच्या पाण्याला किंचित चव असते. मला ती कधी कळली नाही, मामांना कळायची. त्या बरणीच्या गळ्याला ते लाल दोरा बांधायचे. लाल दोऱ्याचं पाणी लादी पुसायला.

एका संशोधन परिषदेसाठी फोटो पाठवायला चार दिवस उरले होते. मुळं कापून तयार, चांदी तयार, आणि पाणी नाही. पडवीत एकच बरणी भरलेली होती, लाल दोऱ्याची. बाकीच्यांतलं पाणी पोरांच्या प्रॅक्टिकलला गेलं होतं.

"मामा, हीच घेवया," मी म्हटलं.

"गो बाय, ह्या पाण्याक चव आसा. चांदीक ह्या चलाचा नाय."

"मामा, ह्या काय आमटीत घालूचा आसा? चव कित्याक बघतास?"

"आमटीत चलात. थंय मीठ लागताच," मामा म्हणाले, आणि मग हसू आवरून, "दोन दिस रव. वारो पडलो काय चांगला पाणी धरतंय."

"दोन दिस माझ्याकडे नाय हत. काय होना नाय. ओता."

मी हसतच म्हटलं. फळ्यावर रेघ मारून शिकवणारी बाई, आणि समोर जीभ लावून पाणी पारखणारा सहावी पास माणूस. मला खरंच हसू आलं होतं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, बरणीचा लाल दोरा सोडून खिशात टाकला, आणि पाणी ओतलं.

स्लाइडी अप्रतिम आल्या. अगदी मध्यावर, गुणसूत्रं पेशीच्या पोटात रांगेत उभी असताना, जेव्हा केंद्रिकेचा मागमूस नसायला हवा, तेव्हाही माझ्या पेशींमध्ये बारीक काळे कण चमकत होते. मी मायक्रोस्कोपवरून उठले आणि प्रयोगशाळेत एकटीच नाचले. मामांनी दारातून बघितलं आणि तेही हसले. ते हसू मला आजही आठवतं, कारण त्यात माझ्याविषयी शंका नव्हती. मला एवढा आनंद झालाय म्हणजे आपलीच जीभ चुकली असेल, असं त्यांनी धरून घेतलं.

माझे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख डॉ. हरिश्चंद्र. नाव आईवडिलांनी ठेवलेलं, त्यांचा त्यात काही दोष नाही. सरांनी फोटो बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितले. "ऋता, तू इतिहास घडवलास," म्हणाले, आणि शोधनिबंधावर स्वतःचं नाव पहिलं घातलं. परिषदेत टाळ्या झाल्या. एका स्थानिक पेपरात बातमी आली, 'कांद्याच्या मुळातून उलगडले पेशीचे गूढ'. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर सर, मी, आणि मध्ये एक भलामोठा कांदा.

मुलाखतीच्या तीन आठवडे आधी मी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्याच स्लाइडी पुन्हा लावल्या. काच सरकवता सरकवता कडेला गेले, जिथे एकही पेशी नव्हती. तिथेही कण होते. तेच, तसेच, काळेभोर. मी एक कोरी काच घेतली. कांदा नाही, मूळ नाही, पेशी नाही. चांदी लावली, पडवीतल्या त्याच बरणीतल्या तळाच्या पाण्याने धुतली, आणि मायक्रोस्कोपखाली घातली. कांदा नाहीच, आणि केंद्रिका मात्र शेकड्यांनी.

मग मी पडवीत गेले, बरणीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मला चव लागली. किती खारट होतं ते, कळत नव्हतं असं मी इतके दिवस कसं म्हणत होते, कोण जाणे.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "काठ कापून टाक फोटोंचे. कोण बघतंय?" आणि मी, देवा शपथ सांगते, मी काठ कापले. चार फोटोंचे कापले. पण ते फोटो जोडून ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवला तिथल्या तपासणाऱ्याने कोऱ्या काचेचा फोटो मागितला. कुठल्यातरी दूरच्या माणसाने, ज्याला आमचा समुद्र माहीत नाही, पहिल्याच वाचनात तो मागितला. निबंध मागे घ्यावा लागला. गेटवर फ्लेक्स होता, पेपरात बातमी होती, त्यामुळे प्राचार्यांनी बैठक बोलावली. मुलाखत चार दिवसांवर होती, आणि मुलाखतीच्या मंडळावर सर होते.

बैठकीच्या आधी सर मला जिन्यात भेटले. "तू काही बोलू नकोस. विचारलं तर माहीत नव्हतं म्हण. बाकी मी बघतो," एवढंच म्हणाले. मी मान हलवली. बाकी काय बघणार आहेत ते मला त्याच क्षणी कळलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू?

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघे खुर्च्यांवर आणि मामा दारापाशी उभे. हात मागे बांधलेले. सरांनी अगदी शांतपणे सांगितलं की परिचराने डिस्टिल्ड वॉटरऐवजी पागोळ्यांचं पाणी वापरलं, तेही विभागाला न सांगता. प्राचार्य माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्हाला याची काही कल्पना होती?"

किती सोपं होतं. मामांनी नको म्हणून सांगितलं होतं, मी ओतायला लावलं, एवढी दोन वाक्यं. पाचवीतलं पोर बोलेल अशी. माझ्या डोळ्यांपुढे नऊ मे महिने आले, एकोणचाळीस हा आकडा आला, आई आली.

"नाही," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हात पुढे आणले आणि आपल्या काळ्या बोटांकडे बघितलं, जणू हे कोणाचे आहेत ते ओळखायचं होतं. प्राचार्यांनी त्यांना विचारलं, काही म्हणायचं आहे का.

"चूक माझी आहे, साहेब," मामा म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

नऊ वर्षांत, आणि त्याआधी विद्यार्थिनी होते तेव्हाही, मी त्यांना असं शुद्ध मराठी बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचा खिसा जरा फुगलेला होता. मला वाटलं लाल दोरा अजून तिथेच असेल. तो काढून टेबलावर ठेवला असता आणि कोणी कशाचा म्हणून विचारलं असतं, तरी मी संपले असते. त्यांनी ठेवला नाही.

मामांना मेमो मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली, आणि प्रयोगशाळेतून काढून त्यांना गेटवर बसवलं, ओळखपत्रं तपासायला. निवृत्तीला चौदा महिने होते. फ्लेक्स काढायची कोणालाच आठवण झाली नाही. चौदा महिने मामा त्या कांद्याखाली खुर्ची टाकून बसले. मी रोज सकाळी स्कूटरवरून आत शिरताना ते उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "गुड मॉर्निंग, मॅडम." आजूबाजूला कोणी नसलं तरी मॅडम. एकदा मी थांबून म्हटलं, "मामा, कशे आसात?" तर म्हणाले, "मी ठीक आहे मॅडम, तुम्ही पुढे जा, मागे गाडी आहे." मागे गाडी नव्हती.

जागा मला मिळाली. मुलाखत दहा मिनिटांत आटोपली, सरांनी एकच प्रश्न विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं. आईने देवाला पेढे ठेवले.

मग मी सगळं काम पुन्हा केलं, नव्या यंत्राच्या पाण्याने. यंत्र लगेच आलं, चौकशी झाली की यंत्रंही मिळतात. नव्या परिचराचा अंगठा जड होता, निम्म्या स्लाइडींचा चिखल व्हायचा. तरी उरलेल्या पुरल्या. पहिला कण विभागणीच्या अगदी शेवटी दिसतो, नव्या केंद्रकात, आखलेल्या जागी. मग दुसरा, तिसरा, आणि थोड्या वेळाने गोल, गडद, शहाणी केंद्रिका. पुस्तकात आहे तेच बरोबर आहे. माझा प्रबंध दोनशे चाळीस पानांचा आहे आणि त्यात एवढंच लिहिलंय. मला पदवी मिळाली.

एवढंसं कांद्याचं मूळ, त्यातली एक पेशी फाटून दोन होते, मधला ठिपका विरघळतो, आणि तासा-दोन तासांत पुन्हा उभा राहतो. मामांच्या आणि माझ्यामध्ये जे विरघळलं त्याची मी चौदा महिने वाट बघितली. मला वाटायचं, एक दिवस गेटवर 'गो बाय' ऐकू येईल आणि मग मी तिथेच रडेन. ते काही झालं नाही, आणि व्हावं असं मी केलंही काही नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी मी परीक्षेच्या कामाला म्हणून बाहेर राहिले. ते काम दुसरं कोणीही करू शकलं असतं.

गेल्या महिन्यात मात्र गेले. त्यांचं घर खाडीपलीकडे, चर्चच्या मागच्या आळीत. मी रस्ताभर ती दोन वाक्यं घोकत होते. मामांनी नको म्हणून सांगितलं होतं, मी ओतायला लावलं. प्राचार्यांना सांगणार, लिहून देणार, सेवापुस्तकातली नोंद काढायला लावणार. आधी मामांना सांगायचं, मग सगळ्यांना. असं ठरवलं होतं.

दार फ्रान्सिस्काने उघडलं. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"येवा, येवा, मॅडम! आईक घेवन येवचा नाय? बसा. गे बाय, कितके दिस मनात होता तुमका भेटूचा."

मामा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून नारळाच्या करवंट्या घासत होते. त्यांनी मान वर केली, "या," म्हणाले, आणि पुन्हा खाली बघितलं. त्यांची बोटं स्वच्छ झाली होती. चौदा महिने आणि वर काही, चांदी नाही.

फ्रान्सिस्का माझ्याजवळ स्टूल ओढून बसली आणि तिने माझा हात हातात घेतला.

"ह्येंनी माका तेवाच सगळा सांगल्यानी. ह्येंच्या हातान चूक झाली, साहेब काढूकच निघालेले, तुमी मदी पडलास. तुमी होतास म्हणान ह्येंची नोकरी रवली, पेन्शन रवली. मी दर आयताराक तुमच्या नावान मेणबत्ती लायतंय. देव बरे करूं."

मी मामांकडे बघितलं. ते करवंटी घासत होते, थांबले नाहीत. मला तेव्हा कळलं की त्यांनी हे का सांगितलं असेल. नऊ वर्षं त्यांनी या घरात माझं कौतुक केलं होतं, बाय अशी, बाय तशी. ते सगळं खोटं पडलं हे बायकोला सांगण्यापेक्षा स्वतःची चूक सांगणं त्यांना सोपं गेलं. ही बाई दोन वर्षं माझ्यासाठी प्रार्थना करत होती.

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता नाही तर कधी? आणि मग दुसरा विचार आला, गोड, शहाणा. आता सांगितलं तर मामा खोटे ठरतील. बायकोसमोर. त्यांचीच अब्रू जाईल. मी त्यांच्यासाठीच गप्प बसायला हवं. माझं मन असली कारणं किती चटकन पुरवतं, त्याला कुठलाही कारखाना उभारावा लागत नाही.

"मी काहीच केलं नाही," मी म्हणाले. हे तेवढं खरं होतं.

"तुमी मोठी माणसां, असाच म्हणतलास," फ्रान्सिस्का म्हणाली आणि आत जाऊन एक बाटली घेऊन आली. घरच्या माडाच्या माडीचं विनेगर, दोन वर्षं मुरलेलं. बुचाला कागद आणि कागदावरून गळ्याभोवती दोरा. लाल. फ्रान्सिस्का सहज म्हणाली, "दोरो ह्येंच्या पाकिटात होतो, बरो घट्ट आसा, म्हणान बांदलंय." तिने बाटली माझ्या मांडीवर ठेवली. मी उठले. पर्समध्ये घालायला लागले.

मामांनी तेव्हा पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. तो असता तर मला पत्करला असता.

"चव बघून घ्या, मॅडम," ते म्हणाले. "न चाखता घेऊ नका."

फ्रान्सिस्का हसली. "आता घरात पण तुमच्यासारख्या शुद्ध बोलूक लागले," ती म्हणाली. तिने दोरा सोडला, बूच काढलं, चमच्यात थोडं ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी ते तोंडात घेतलं. दोघंही माझ्याकडे बघत होते, ती उत्सुकतेने आणि ते नुसतेच.

"कशी आसा?" तिने विचारलं.

"एकदम मस्त," मी म्हणाले.

मला कसलीच चव लागली नव्हती. मामांनी ते ओळखलं, आणि ते पुन्हा करवंटी घासायला लागले.